रक्तवाहिन्यांची वाढ आणि हळदीचा अर्क

पूर्ण वाढ झालेल्या मनुष्याच्या शरीरांत नव्या रक्तवाहिन्या क्वचितच फुटतात. जखम भरून येतांना, गर्भधारणेच्या काळांत, किंवा अशाच एखाद्या प्रसंगीं त्या वाढतात आणि काम संपतांच थांबतात. कर्करोगाची गांठ मात्र हा नियम मोडते. तिला अन्न व प्राणवायु लागतात, आणि ते मिळविण्यासाठीं ती शेजारच्या रक्तवाहिन्यांस फांद्या फोडावयास लावते. या फांद्या रोखल्या तर गांठीची उपासमार होईल, ही कल्पना आज साधी वाटते. परंतु वैद्यकांत रुजण्यास तिला कित्येक वर्षें लागलीं.

तिचे पुरस्कर्ते अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. ज्यूडा फोकमन हे १९६० नंतर बेथेस्डा येथें नौदलाच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. शरीराबाहेर काढून कृत्रिम रीतीनें जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथींत त्यांनीं व फ्रेडरिक बेकर यांनीं उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. त्यांची गांठ टांचणीच्या डोक्याएवढी झाली आणि थांबली. त्याच पेशी उंदराच्या अंगांत परत घालतांच मोठी गांठ झाली. बाहेर काढलेल्या ग्रंथींत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, एवढाच फरक. १९७१ सालीं फोकमन यांनीं बोस्टनहून आपला सिद्धान्त प्रसिद्ध केला, तेव्हां बहुतेक तज्ज्ञांनीं तो मानला नाहीं.

पडताळ्यासाठीं साधन हवें होतें. तें कोंबडीच्या अंड्यांत सांपडलें. उबवणीस ठेवलेल्या अंड्याच्या कवचाखालीं एक पातळ पडदा असतो. त्यांत पहिल्या आठवड्यापासून रक्तवाहिन्यांचें जाळें पसरूं लागतें. कवचाला लहानशी खिडकी पाडून, ज्याची परीक्षा घ्यावयाची त्या द्रव्याची चकती पडद्यावर ठेवितात. दोनतीन दिवसांनीं तिच्याभोंवतीं जाळें विरळ झालेलें दिसलें, तर द्रव्यांत वाढ रोखण्याचा गुण असावा असें समजतात. दुसरी कसोटी डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पटलाची. त्यांत मुळांतच रक्तवाहिन्या नसतात. म्हणून वाढीस चेतविणारें द्रव्य तेथें ठेवून ती वाढ कशानें थांबते हें पाहणें सोपें जातें. अशा कसोट्यांवर पुढें अनेक वनस्पतींचे अर्क तपासले गेले.

मराठी स्वयंपाकघरांतील हळद त्यांपैकींच एक. तिच्यांतील पिवळें द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ सालीं फोगेल व पेलेतिए यांनीं वेगळें केलें. १९९८ सालीं अमेरिकन संशोधकांनीं उंदरांच्या डोळ्यांत त्याची परीक्षा घेतली, तेव्हां नव्या रक्तवाहिन्यांची वाढ स्पष्टपणें कमी झालेली आढळली. परंतु पोटांत घेतलेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें, आणि उतरलेलेंहि लवकर नष्ट होतें. शिवाय आपल्या रंगामुळें व चमकेमुळें तें कित्येक चांचण्यांत गुणाचा नुसता भास उत्पन्न करतें. २०१७ सालीं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं शंभराहून अधिक रुग्णचांचण्यांचा मागोवा घेतला. खरें औषध कोणास दिलें हें रोग्यास व वैद्यास कळूं न देतां केलेल्या चांचण्यांपैकीं एकहि त्यांना यशस्वी दिसली नाहीं.

मग फोकमन यांचा सिद्धान्त खोटा ठरला काय? नाहीं. २००४ सालीं बेव्हासिझुमॅब या औषधास अमेरिकेंत मान्यता मिळाली. रक्तवाहिन्यांस वाढीचा इशारा देणारें प्रथिनच तें अडवितें. मोठ्या आंतड्याचा कर्करोग शरीरांत पसरलेल्या ८१३ रोग्यांवर त्याची चांचणी झाली. नेहमींच्या औषधांवर असलेल्या रोग्यांचें मध्यम आयुष्य १५.६ महिने होतें. जोडीला हें औषध मिळालेल्यांचें तें २०.३ महिने झालें. लाभ खरा, पण मर्यादित; आणि जखमा भरून येण्यास त्यामुळें अडथळा येतो, हा दोषहि उघड झाला.

द्रव्य रक्तवाहिनीजवळ ठेवलें असतां काय होतें, एवढेंच अंडें सांगतें. तें पोटांतून गांठीपर्यंत पोंचेल काय, याविषयीं अंड्याची साक्ष नाहीं. घरांत कर्करोगाचा रोगी असतां वैद्यांचे उपचार सोडून हळदीच्या दुधावर विसंबणारें कुटुंब हा फरक विसरतें, आणि गेलेला वेळ रोग्यास परत मिळत नाहीं. अन्नांतील हळदीचें स्थान यामुळें ढळत नाहीं. या रोगावरील औषधांतलें स्थान मात्र तिनें अजून मिळवावयाचें आहे.