सुरमा, शिसे आणि नॅनोकण

जुन्या नाशकात किंवा मालेगावात अत्तराच्या दुकानात टोपी, तसबीह आणि मिस्वाकच्या शेजारी सुरम्याची बाटली दिसते. या काळ्या भुकटीचा विज्ञानाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

सुरम्याला अरबीत ‘कुहल’ म्हणतात. ‘अल-कुहल’ युरोपात गेला तेव्हा त्याचा अर्थ होता अतिशय बारीक भुकटी. पुढे तो कोणत्याही पदार्थाच्या अर्काला लावला गेला आणि शेवटी दारूच्या अर्काला. आजचा ‘अल्कोहोल’ तो हाच.

हदीसमध्ये उल्लेख येतो ‘इस्मिद’चा, त्याचा अर्थ सहसा अँटिमनीचे खनिज असा घेतला जातो. बाजारातला बराचसा सुरमा मात्र गॅलिनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा असतो. गॅलिना अर्धवाहक आहे. जगदीशचंद्र बोस यांनी त्याच्याच स्फटिकापासून विद्युतलहरी टिपणारे उपकरण बनवले. 1904 मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले.

खलात घोटलेला सुरमा काळाच राहतो. पण अर्धवाहकाचा कण काही नॅनोमीटरचा झाला, की त्यातले इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि कणाच्या आकाराप्रमाणे त्याचा रंग बदलतो. असे कण द्रावणात रसायनांपासून घडवतात. ते कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात हे वर्णपटात पाहिले, की त्यांच्या आकाराचा अंदाज येतो.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एकिमोव्ह यांनी काचेत आणि ब्रूस यांनी द्रावणात हा परिणाम दाखवला. 1993 मध्ये मौंगी बावेंदी यांनी जवळजवळ एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत दिली. तिघांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बावेंदींचे वडील मोहम्मद सलाह हे ट्युनिशियाचे गणितज्ञ. हे काम आपल्यापासूनही दूर नाही. नाशिकची महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तिथे 1990 च्या दशकात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने झिंक सल्फाइडचे नॅनोकण बनवून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास केला.

आपल्या सभांत इब्न अल-हैसमचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. पण त्याची शिकवण तपासून पाहण्याची होती. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. तरीही तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा घातला जातो. सुन्नत म्हणून घेतलेल्या बाटलीत इस्मिद आहे की शिसे, हे प्रयोगशाळेत सहज कळते. ते विचारणे म्हणजे श्रद्धेवर शंका घेणे नव्हे. आपल्या लेकरांसाठी एवढी चौकशी आपण केलीच पाहिजे.