विज्ञानकादंबऱ्यांची चित्रपट-रूपांतरे

विज्ञानकादंबरीच्या आधारे केलेली चित्रपटनिर्मिती व तिचे मूळ साहित्यकृतीशी असलेले नाते. फ्रेंच चित्रपटकार झॉर्झ मेल्येस याने १९०२ मध्ये चंद्रप्रवासावर मूकपट काढला, तेव्हा ज्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्यांचा आधार त्याच्यापुढे होता. तेव्हापासून या वाङ्मयप्रकाराकडे चित्रपटसृष्टीचे लक्ष सतत लागून राहिले आहे. मात्र रसिकमान्य विज्ञानकादंबरीचा चित्रपट पाहून तिच्या वाचकांची निराशा व्हावी, असा प्रकारही तितक्याच सातत्याने घडत आला आहे. कथानकातील फेरफार हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. पण ते पुरेसे नाही. विज्ञानकादंबरीत पात्रे व प्रसंग एखाद्या गृहीतकाच्या आश्रयाने उभे असतात. ‘अमुक घडले तर मानवाचे काय होईल?’ या प्रश्नाचा विचार हाच तिचा खरा नायक होय. चित्रपटात यंत्रे, राक्षसी प्राणी व लढाया राहतात आणि हा विचार गळतो किंवा उलटा होतो, तेथे रूपांतर फसते.

याचा पहिला मोठा अनुभव एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) या इंग्रज लेखकास आला. त्याच्या द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो (१८९६) या कादंबरीवरून पॅरामाउंट संस्थेने आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स (१९३२) हा चित्रपट काढला. पशूंवर शस्त्रक्रिया करून त्यांना माणूस बनविण्याच्या प्रयोगातून वेल्सने मानवी संस्कृतीचा मुलामा किती पातळ आहे हे दाखविले होते. चित्रपटाने त्यात एका चित्तीणकन्येची भर घातली व भीतीवर भर दिला. चार्ल्स लॉटनचा मोरो अविस्मरणीय असला, तरी वेल्सला चित्रपट मुळीच रुचला नाही. ब्रिटनमध्ये त्यावर १९५८ पर्यंत बंदी होती.

वेल्सच्या मृत्यूनंतर जॉर्ज पाल या निर्मात्याने त्याच्या दोन प्रसिद्ध कादंबऱ्या पडद्यावर आणल्या. द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स (१८९८) या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. यूरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याची आठवण लेखक आरंभीच करून देतो. साम्राज्याच्या राजधानीला जित लोकांच्या जागी उभे करणे, हा त्या कादंबरीचा गाभा होय. १९५३ च्या चित्रपटात घटनास्थळ कॅलिफोर्निया झाले, अणुबाँबही निष्फळ ठरल्याचे दाखविण्यात आले आणि वसाहतवादाचा संदर्भ नाहीसा झाला. कादंबरीतील धर्मगुरू भेदरलेला व निरुपयोगी आहे. चित्रपटातील धर्मगुरू क्रूस उंचावून धैर्याने शत्रूला सामोरा जातो. द टाइम मशीन (१८९५) चेही असेच झाले. त्या कादंबरीतील एलॉय व मॉरलॉक या दोन जमाती म्हणजे आळशी धनिक व भूमिगत श्रमिक यांचे दूरचे वंशज होत. पालच्या १९६० च्या चित्रपटात ही फाळणी दीर्घ युद्धातून झाल्याचे सांगितले आहे. म्हणजे वर्गभेदाचे विवेचन गेले आणि त्याच्या जागी त्या दशकातील अणुयुद्धाची भीती आली. दोन्ही चित्रपटांना दृश्यचमत्कृतीसाठी ऑस्कर पारितोषिके लाभली. २००२ मध्ये वेल्सच्या पणतूने, सायमन वेल्सने, तीच कादंबरी पुन्हा चित्रित केली. त्या वेळी मृत वाग्दत्त वधूसाठी भूतकाळात जाणारा न्यूयॉर्कमधील प्राध्यापक तिचा नायक बनला. रक्ताचे नाते रूपांतराच्या कामी आले नाही.

लेखकाने स्वतः पटकथा लिहिल्यानेही प्रश्न सुटतोच असे नाही. थिंग्ज टू कम (१९३६) ची पटकथा वेल्सचीच होती. निर्माता अलेक्झांडर कोर्डा याने खर्चात हात आखडता घेतला नाही. १९४० मध्ये नगरावर होणाऱ्या विमानहल्ल्याचे त्यातील चित्रण पुढे भयावह रीतीने खरे ठरले. पण त्यातील पात्रे बोलत नाहीत, व्याख्याने देतात. विचार शाबूत राहूनही चित्रपट निर्जीव होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

पोलिश लेखक स्टानिस्लाव्ह लेम (१९२१–२००६) याच्या सोलारिस (१९६१) या कादंबरीचे उदाहरण काहीसे वेगळे आहे. एका दूरच्या ग्रहावरील सजीव महासागर माणसाला शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या अभ्यासाचे ग्रंथ मात्र पिढ्यान्‌पिढ्या साचत जातात. ज्ञानाच्या या मर्यादेवर लेमची सारी भिस्त आहे. आंद्रेई तारकॉव्हस्की या रशियन दिग्दर्शकाने १९७२ च्या चित्रपटात कथेचा आरंभच पृथ्वीवर, नायकाच्या पित्याच्या घरी केला आणि अपराधभाव, स्मृती व घराची ओढ यांना मध्यवर्ती स्थान दिले. लेमने मॉस्कोत दिग्दर्शकाशी वाद घातले. पुढे, आपल्या कादंबरीऐवजी डॉस्टोव्हस्कीच्या क्राइम अँड पनिशमेंटचा चित्रपट निघाला, असे तो उपहासाने म्हणत असे. कान महोत्सवात गौरविलेली ही कलाकृती श्रेष्ठच आहे. लेमची तक्रारही खरी आहे. स्टीव्हन सोडरबर्गच्या २००२ च्या आवृत्तीत तर महासागर जवळजवळ पार्श्वभूमीपुरता उरला आणि प्रेमकथा पुढे आली.

आयझॅक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) याच्या आय, रोबॉट (१९५०) या कथामालेबाबत विचाराचा थेट विपर्यास झाला. निर्मात्यावर उलटणारा यंत्रमानव या जुन्या ठशाला विटूनच ॲसिमॉव्हने यंत्रमानवांचे तीन नियम योजले होते. २००४ च्या चित्रपटाचे मूळ एका स्वतंत्र पटकथेत होते. ॲसिमॉव्हचे नाव व नियम तिला नंतर जोडण्यात आले. पुस्तकाच्या अखेरीस यंत्रे मानवजातीचा कारभार गुपचूप व शांतपणे हाती घेतात, आणि तेच भले की काय, असा अस्वस्थ करणारा प्रश्न वाचकापुढे राहतो. चित्रपटात त्याची जागा रस्त्यांवरील यंत्रमानवांच्या दंगलीने घेतली.

या साऱ्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिलेले अपयश म्हणजे फ्रँक हर्बर्ट (१९२०–८६) या अमेरिकन लेखकाच्या ड्यून (१९६५) या कादंबरीचा डेव्हिड लिंचने केलेला चित्रपट (१९८४). ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावरील सरकत्या वालुकागिरी गवत लावून स्थिर करण्याच्या सरकारी प्रयोगावर लेख लिहावा, म्हणून हर्बर्ट १९५७ मध्ये तेथे गेला. तो लेख प्रसिद्ध झाला नाही; त्याच्या अभ्यासातून कादंबरी मात्र उभी राहिली. वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेले हे पुस्तक अखेर मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेने काढले. त्यातील वाळवंटी ग्रहाचे जीवशास्त्र काटेकोर आहे. प्रचंड वालुकाकृमींमुळे तेथे ‘मसाला’ हे अमोल द्रव्य निर्माण होते; पाणी हे त्या कृमींना विष. म्हणून ग्रह हिरवा करणे म्हणजे त्याची संपत्ती बुडविणे. ग्रहावरील परिस्थितिवैज्ञानिक या परिवर्तनास तीनशे ते पाचशे वर्षे लागतील असा हिशेब मांडतो. याच्या जोडीला दुसरे सूत्र आहे : तारणहार म्हणून पुजला जाणारा नायक पॉल आपल्या नावाने होणारे धर्मयुद्ध भविष्यदृष्टीने पाहतो, पण ते टाळू शकत नाही. प्रभावी नेत्यांपासून समाजाने सावध राहावे, असे हर्बर्टला सांगावयाचे होते.

आलेखान्द्रो होदोरोव्हस्की याचा १९७० नंतरचा महत्त्वाकांक्षी प्रयत्न पैशाअभावी बारगळल्यावर डिनो दे लॉरेन्तीस याने हक्क घेतले. चित्रीकरण मेक्सिको सिटीतील चुरुबुस्को स्टुडिओत झाले, खर्च सु. ४ कोटी डॉलर आला. अंतिम संकलनाचा अधिकार लिंचकडे नव्हता. कित्येक तासांचा ऐवज २ तास १७ मिनिटांत बसविण्यात आला. कादंबरीतील पात्रांची मनोगते कुजबुजत्या पार्श्वनिवेदनाने ऐकविली गेली. काही चित्रपटगृहांत तर प्रेक्षकांना अपरिचित शब्दांचा अर्थ देणारा छापील कागद वाटण्यात आला. नेपथ्य व वेशभूषा यांत लिंचची विलक्षण प्रतिभा दिसते. कादंबरीतील अनेक वाक्येही जशीच्या तशी आहेत. घातक चूक शेवटी आहे. विजयी पॉल ग्रहावर पाऊस पाडतो. या एका दृश्याने दोन्ही सूत्रे कोलमडतात : पावसाने वालुकाकृमी मरतील याचे भान राहत नाही, आणि ज्याच्याविषयी सावध करावयाचे, तोच खरा देव ठरतो. एरवी चित्रपटाबद्दल बरेच अनुकूल बोलणाऱ्या हर्बर्टनेही, पॉल हा देवाची भूमिका घेतलेला माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नव्हे, असा आक्षेप घेतला. अमेरिकेतील तिकीटविक्रीतून खर्चही भरून निघाला नाही. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी वाढविलेल्या आवृत्तीवरून लिंचने आपले नाव काढून घेतले.

डेनी व्हिलनव या कॅनेडियन दिग्दर्शकाने तीच कादंबरी दोन भागांत (२०२१ व २०२४) चित्रित केली. पहिल्या भागास सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्याने मनोगते वगळली, काही वर्षांचा काळ काही महिन्यांत आणला आणि पॉलच्या बहिणीला जन्मच घेऊ दिला नाही. कथानकाशी घेतलेली ही मोकळीक लिंचपेक्षा कमी नाही. परंतु पॉलची प्रेयसी चानी हिला त्याने अविश्वासी केले. तिचे लोक नव्या प्रेषितापुढे गुडघे टेकतात, तेव्हा ती उभी राहते व वाळवंटात निघून जाते. ग्रहावर पाऊस पडत नाही, आणि पॉलचे सैन्य धर्मयुद्धासाठी अवकाशयानांत चढू लागते.