परप्रांतींची मोटार आणि तिचे कागद

घोडा घेतांना त्याचे दांत पाहावे, बैल घेतांना त्याची चाल पाहावी, आणि जुनी मोटार घेतांना तिचे कागद पाहावे, असें म्हटलें तर तें आजच्या व्यवहारास धरूनच होईल. घोड्याचें वय त्याच्या दांतांवर लिहिलेलें असतें. मोटारीचें वय, तिचे पूर्वींचे धनी आणि तिच्यावरील कर्ज हीं मात्र तिच्या अंगावर दिसत नाहींत. तीं एका सरकारी दप्तरांत नोंदलेलीं असतात. गाडी दुसऱ्या राज्यांतली असली म्हणजे तें दप्तरहि दुसऱ्या राज्यांत असतें, आणि घेणाऱ्याचें व विकणाऱ्याचें, दोघांचेंहि स्वास्थ्य त्यांतील एका ओळीवर अवलंबून राहतें. ही ओळ कोठून आली आणि ती सरहद्दीपलीकडे नेण्यास इतके सायास कां पडतात, हें इतिहासाच्या आधारें पाहण्यासारखें आहे.

वाहनावर खूण करून ती वहींत नोंदण्याची कल्पना मोटारीहून फार जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीनें फौजेंतील घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टी, लिहून ठेवण्याची पद्धत घातली. पुढें शेरशहानें व अकबरानें तीच उचलली. कारण उघड होतें. तपासणीच्या दिवशीं एकच घोडा दोनदां दाखवून दुप्पट पैसा उपटणारे होते, आणि चांगला घोडा विकून त्याच्या जागीं मरतुकडें तट्टू उभें करणारेहि होते. अंगावरची खूण आणि वहींतील नोंद यांचा मेळ बसला, तरच घोडा खरा. आज मोटारीच्या सांगाड्यावर जो चासी-क्रमांक ठोकलेला असतो, तो त्या डागाचाच वंशज होय. त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीनें घासून ठसा घेतात आणि तो अर्जावर चिकटवितात. खिलजीच्या काळचा कारकून आज उठून आला, तर त्याला या कामाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

मोटारीला पाटी प्रथम फ्रान्सांत लागली. १४ ऑगस्ट १८९३ रोजीं पॅरिसच्या पोलिस-खात्यानें हुकूम काढला, आणि प्रत्येक मोटारीवर मालकाचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक दाखविणारी पाटी असणें सक्तीचें झालें. इंग्लंडांत १९०३ सालीं कायदा होऊन १ जानेवारी १९०४ पासून नोंदणी सुरू झाली. बैलगाडीनें कोणास धक्का दिला, तर गाडीवान जागच्या जागीं सांपडतो. गांवांत त्याला सारे ओळखतात. मोटार मात्र माणूस पाडून घटकेंत दृष्टीआड होते. तेव्हां ती कोणाची, हें सांगणारी निशाणी तिच्या पाठीवर असली पाहिजे, हा त्या नियमांच्या मुळाशीं असलेला विचार होय. नोंदणी ही केवळ कर वसूल करण्याची युक्ति नव्हे. जबाबदार माणूस शोधून काढण्याची ती वाट आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेविली, तर पुढील सर्व कागदांचा अर्थ आपोआप उलगडतो.

हिंदुस्थानांत सर्वत्र लागू होणारा पहिला मोटार-कायदा १९१४ सालीं झाला. तो आटोपशीर होता, आणि तपशिलाचे नियम करण्याचें काम त्यानें प्रांतिक सरकारांवर सोंपविलें होतें. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानांत संस्थानिकांचा कायदा. आज जेथें एक महाराष्ट्र राज्य दिसतें, तेथें त्या काळीं मुंबई इलाखा, मध्यप्रांत व वऱ्हाड, निजामाचें राज्य आणि कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, भोर अशीं लहानमोठीं संस्थानें होतीं. पलीकडे गोमंतकांत पोर्तुगीजांचा अंमल होता. मोटारीचा वेग मोठा आणि मुलुख तुकड्यातुकड्यांचे, अशी ती विसंगति होती.

ती दूर करण्याचा मोठा यत्न १९३९ च्या कायद्यानें केला. हा कायदा त्या वर्षीं १ जुलैपासून अमलांत आला, आणि त्यांत दोन तत्त्वें शेजारीं शेजारीं बसविलीं होतीं. पहिलें असें कीं, एका प्रांतांत नोंदलेली गाडी इतर प्रांतांतहि नोंदलेलीच समजावी. दुसरें असें कीं, ती गाडी परप्रांतांत बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर तिनें तेथील नवा क्रमांक घ्यावा. म्हणजे गाडी फिरण्यास सर्वत्र मोकळी, पण घर करण्यास एकाच प्रांताची. १९८८ च्या कायद्यांत, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, हींच दोन तत्त्वें ४६ व ४७ या कलमांत जशीच्या तशीं आलीं आहेत. राज्यें फिरलीं, संस्थानें गेलीं, पाट्यांवरील अक्षरें बदललीं, 'एम. एम.' व 'एम. आर.' जाऊन 'एम. एच.' आलें आणि गोव्याच्या 'जी. डी.'चें 'जी. ए.' झालें, परंतु बारा महिन्यांची ती मर्यादा हललेली नाहीं.

ती न हलण्याचें कारण राज्यघटनेंत आहे. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या घटनेनें मोटारींसंबंधींचे कायदे करण्याचा अधिकार केंद्र व राज्यें या दोघांना दिला. पण वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांच्या यादींत ठेविला. ज्या राज्याचे रस्ते गाडी झिजविणार, त्या राज्याला कर मिळावा, हा न्याय साधा आहे. परंतु प्रत्येक राज्याचा दर निराळा, आणि बहुतेक राज्यें खासगी मोटारीचा अनेक वर्षांचा कर आरंभींच एकरकमी घेतात. यामुळें पांच वर्षांची गाडी राज्य सोडून निघाली, म्हणजे जुन्या राज्यांत भरलेला कर मागें राहतो आणि नव्या राज्याचा कर पुढें उभा असतो. जुन्या राज्याकडे उरलेल्या काळाचा परतावा मागतां येतो. पण तो मागण्याचे कष्ट पुष्कळ जण घेत नाहींत. गाडी स्वस्त मिळाली म्हणून जो हर्षभरित झाला, त्याचा हर्ष पुष्कळदां या हिशेबांतच ओसरतो.

आतां हा व्यवहार प्रत्यक्ष कसा चालतो तें पाहूं. समजा, कोल्हापूरच्या एका गृहस्थांनीं बेळगांवांत एक जुनी मोटार पसंत केली. तिच्या पाटीवर 'के. ए. २२' आहे, तिला 'एम. एच. ०९' व्हावयाचें आहे. पहिलें पाऊल बेळगांवांत पडतें. तेथील मालक नमुना २८ भरून आपल्या आर. टी. ओ. कचेरीकडे ना-हरकत दाखला मागतो. दाखला देण्यापूर्वीं त्या कचेरीस पोलिसांकडून लेखी अहवाल घ्यावा लागतो कीं, ही गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाहीं. तसेंच सरकारचा कर व इतर येणें चुकतें झालें आहे, हेंहि पाहावें लागतें. तीस दिवसांत कचेरीनें नकार कळविला नाहीं, तर दाखला दिला असें समजावें, अशीहि कायद्यांत तरतूद आहे. गाडीवर बँकेचें कर्ज असेल, तर बँकेची संमति हवी. कर्ज फिटलें असेल, तर नमुना ३५ देऊन नोंदणींतील बोजा उतरवून घ्यावा लागतो. हा बोजा उतरविण्याचें राहून गेलें, म्हणजे फिटलेलें कर्जहि घेणाऱ्याच्या वाटेंत उभें राहतें.

दाखला हातीं आला, म्हणजे काम कोल्हापुरास येतें. विकणाऱ्यानें हस्तांतराची सूचना नमुना २९ वर द्यावयाची, घेणाऱ्यानें नमुना ३० वर अर्ज करावयाचा, आणि नव्या क्रमांकासाठीं नमुना २७ भरावयाचा. गाडी परराज्यांत गेली असतां विकणाऱ्यास पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्यास तीस दिवसांची. विम्याची बदली मागण्यास चौदा दिवस. मग तपासनीस गाडी पाहतो, चासी व इंजिन यांचे क्रमांक कागदाशीं ताडून घेतो, कर भरला जातो आणि नवा क्रमांक मिळतो. दाखल्यावर कोल्हापूरच्या कचेरीचें नांव असेल, तर तो कोल्हापुरासाठींच, हेंहि विसरूं नये.

हें सर्व ऐकून एकाद्यास वाटेल कीं, पैसे दिले, किल्ली घेतली, आतां कागदाची एवढी घाई कशाला? या प्रश्नाचें उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालांत मिळतें. उत्तर हिंदुस्थानांतील एका गृहस्थानें २००७ सालीं आपली मोटार विकली. घेणाऱ्यानें ती दुसऱ्यास विकली, दुसऱ्यानें तिसऱ्यास. नोंदणींत मात्र पहिल्याचेंच नांव राहिलें. २००९ च्या मे महिन्यांत ती गाडी मागें घेतली जात असतां तिच्याखालीं सांपडून एकाचा जीव गेला व एक बाई जखमी झाली. भरपाई कोणीं द्यावी? हातोहात गेलेल्या गाडीचा प्रत्येक धनी दुसऱ्याकडे बोट दाखवूं लागला. उच्च न्यायालयानें पहिल्या मालकास मोकळें केलें होतें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं ठरविलें कीं, कायद्याच्या दृष्टीनें ज्याचें नांव नोंदणींत आहे तोच मालक, आणि भरपाईचा भार त्याजवरच. अपघातांत सांपडलेल्या माणसानें विक्रीच्या साखळीचा शोध करीत दारोदार हिंडावें, हें न्यायालयास मान्य झालें नाहीं. गाडी ज्याच्या दारीं नव्हती, किल्ली ज्याच्या हातीं नव्हती, त्याच्यावर हा बोजा आला, तो केवळ एक ओळ बदलावयाची राहिली म्हणून. विकणारा कठोर शिक्षा झाली असें म्हणेल; पण ज्याच्या घरचें माणूस गेलें, त्याला वहींतील त्या एका नांवाखेरीज दुसरा आधार कोणता?

गेल्या कांहीं वर्षांत हा प्रश्न अधिक वेळां उठूं लागला. दिल्ली प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं मनाई केली, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याबरोबर पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांनाहि रस्ता बंद केला. तेथें निरुपयोगी ठरलेल्या गाड्यांना दूरच्या राज्यांत गिऱ्हाईक मिळूं लागलें. सरकारनेंहि दोन बाजूंनीं वाट सुकर करण्याचा यत्न केला. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बी. एच.' हा क्रमांक सुरू झाला. ज्यांची नोकरी राज्योराज्यीं फिरते, त्या सैनिकांस, सरकारी नोकरांस व चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी संस्थांतील नोकरांस दोन दोन वर्षांचा कर भरून एकच क्रमांक ठेवतां येऊं लागला. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेण्याचा नियम आला. गाडी ताब्यांत घेतल्याची सूचना त्यांनीं दिली, म्हणजे ती विकली जाईपर्यंत तेच मालक समजले जातात. विकणारा आणि घेणारा यांच्यामधील ज्या पोकळींत वरील गृहस्थ सांपडला, ती पोकळी बुजविण्याचा हा यत्न होय.

तथापि कायदा कितीहि सुधारला, तरी कोरा सही केलेला फॉर्म एजंटाच्या हवालीं करून घरीं जाणाऱ्यास तो वांचवूं शकत नाहीं. घेणाऱ्यानें पैसा मोजण्यापूर्वीं चासीवरील क्रमांक, नोंदणीपत्र आणि सरकारी 'वाहन' दप्तरांतील नोंद हीं तिन्ही एकमेकांशीं ताडून पाहावीं. बोजा, दंडाच्या पावत्या व कर यांची चौकशी करावी. विकणाऱ्यानें दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत व पोंच जपून ठेवावी, आणि दप्तरांत नवें नांव चढल्याचें स्वतः पाहीपर्यंत व्यवहार पुरा झाला असें मानूं नये. किल्ली हातीं आली म्हणजे मोटार फक्त दारीं येते; ती घरची होते, ती वहींत नांव लागेल त्या दिवशीं.