सासू-सुनेची विहीर आणि गुलाबी तळं

पापड लाटता लाटता ऐकत असाल तर आजचा विषय हाताशीच आहे, कारण आज आपण खाराची गोष्ट बोलणार आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या बाया लोणारला गेल्या. जळगावहून बुलढाणा, चिखली, मेहकर करत गाडी निघाली. गाडीत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "हे ज्वालामुखीचं तळं आहे." तिथे गेल्यावर कळलं, मी चुकले होते.

पण चुकणारी मी पहिली नव्हे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं जाणकारही ज्वालामुखीच म्हणत राहिले. त्याला कारणही होतं. आपल्या खानदेशासारखीच तिथली जमीन काळ्या कातळाची, आणि हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच आहे. पण 1973 साली तिथल्या दगडात एक खास काच सापडल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. अशी काच प्रचंड धडकेनेच तयार होते. म्हणजे कातळ ज्वालामुखीचा, पण खड्डा पाडला आकाशातून पडलेल्या उल्केने. हा खड्डा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. हिशेबाच्या वहीतली चूक सापडली की आपण लाज न बाळगता दुरुस्त करतो ना, तसंच हे.

काठावरून खाली उतरायला पायवाट आहे. झाडीतून, जुन्या देवळांजवळून सावकाश चाललं की साठीच्या मावशीही उतरतात. चढताना मात्र दम लागतो. खाली कमळजा देवीचं देऊळ आहे. तिथे आम्ही ओटी भरली. देवळाजवळच एक विहीर आहे, सासू-सुनेची विहीर. तिच्या एका बाजूचं पाणी गोड, तर तळ्याकडच्या बाजूचं खारट. यातली गोड कोण आणि खारट कोण, यावर आमच्यात जे भांडण पेटलं ते गाडीत बसेपर्यंत मिटलं नाही!

तळ्याचं पाणी खारट आहे आणि सोड्यासारखं बुळबुळीत लागतं. सोळाव्या शतकात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय की इथे काच आणि साबण बनवायला लागणारं सामान मिळतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार जमायचा आणि लोक तो गोळा करायचे. विचार करा, बांगडी म्हणजे काचच आणि कपडे धुवायचे तर साबणच. दोन्ही बाईच्या हातातल्या वस्तू. पण तो खार गोळा करणाऱ्या हातांची नावं कुठल्याच पोथीत नाहीत. विहिरीचं गोड-खारट पाणी पहिल्यांदा चाखून पाहिलं, तीही कुणी पाणी भरायला आलेली बाईच असेल, असं मला वाटतं.

एरवी शेवाळामुळे हे पाणी हिरवं दिसतं. जून 2020 मध्ये ते चक्क गुलाबी झालं. आमच्या आजींनी तिथे विचारलंच, "पानी गुलाबी कसं व्हयनं वं माय?" पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, तेव्हा खाऱ्या पाण्यात जगणारे, गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव वाढले होते. पुढे पावसाचं पाणी आलं आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जगाने जपायच्या पाणथळ जागेचा मान मिळाला.

आता खरी काळजीची गोष्ट. तळ्यात पाणी येतं, पण तिथून बाहेर जायला वाट नाही. वरून उतरणाऱ्या झऱ्यात धुतलेला साबण आणि टाकलेली पिशवी, सगळं तळाशीच राहतं. हे जीव वाचले तरच तो रंग वाचेल.

म्हणून तुमचा गट गेला तर सकाळी लवकर जा. पायात चांगली चप्पल आणि सोबत पाण्याची बाटली असू द्या. झऱ्यावर साबण लावू नका. ओटी कापडी पिशवीत न्या आणि रिकामी पिशवी परत आणा. आणि येताना एक काम करा. आपल्या गावातल्या विहिरीचं नाव कसं पडलं, हे म्हाताऱ्या आयांना विचारा आणि गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. पुढच्या वेळी इथे तेच वाचू.