आधी पाणी, मग पाटी

नागरिकशास्त्राचं पुस्तक हाती येईतो मूल चांगलं आठ-दहा वर्षांचं झालेलं असतं. रांगेत घुसायचं की थांबायचं, केळ्याचं साल कुठे टाकायचं, शेजारच्या पोराला खेळात घ्यायचं की नाही, हे त्याच्यापुरतं तोवर ठरूनही गेलेलं असतं. ताराबाई मोडक यांनी हे वय फार आधी हेरलं होतं. म्हणूनच 1945च्या अखेरीस बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, ते अडीच-तीन वर्षांच्या मुलांपासून.

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या, आणि या कामात मुरलेल्या. 1923 साली त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई वकिली सोडून बालमंदिरात रमलेले. माँटेसरींची पद्धत भारतीय मुलांना कशी मानवेल, हा दोघांचाही ध्यास. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, 1936 साली दादरला शिशुविहार निघालं.

माँटेसरींच्या पद्धतीत एक गंमत आहे. वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवतात. पाच जणांना तोच मनोरा हवा असेल, तर चौघांनी थांबायचं. ज्याने घेतला त्याने खेळून झाल्यावर तो होता तिथे नेऊन ठेवायचा, कारण पुढच्याला तो तिथेच सापडला पाहिजे. सांडलेलं पाणी ज्याचं त्याने पुसायचं. बाई ओरडत नाहीत, फडकं कुठे आहे ते दाखवतात. हक्क, कर्तव्य असले जड शब्द कुणाच्या कानावरही पडत नाहीत आणि दोन्हींचा सराव मात्र रोज होतो.

पण हे सगळं दादरच्या मध्यमवर्गीय मुलांना. खेड्यात ती महागडी लाकडी साधनं आणायची कुठून? समुद्रकाठच्या बोर्डीत उत्तर पायाशीच पडलेलं होतं. शंखशिंपले, बिया, गोटे, पानं यांवर मोजणं, निवडणं, लहानमोठं लावणं सुरू झालं. सोबतीला अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे हट्टाने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या आणि पुन्हा शहराकडे वळल्या नाहीत.

खरी अडचण साधनांची नव्हतीच. गावात बालवाडी उघडली तेव्हा बऱ्या घरची मुलं येऊ लागली, दलित वस्तीतली येईनात. आई-बाप पहाटेच कामाला जाणार, आणायला-न्यायला कोण? शिवाय त्या काळच्या गावात कोणी कुठल्या ओसरीवर पाऊल टाकायचं, याचे नियम तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असत. मग दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. जागा म्हणजे कुणाचंतरी अंगण, तिथेच मुलं गोळा करायची. त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी, शिंपले. पाटीचा नंबर बराच मागे.

अंघोळीला शिक्षण म्हणावं का, असं नाक मुरडणारे तेव्हाही असणार. पण अंगणाला भिंती नसतात, हा त्यातला मोठा फायदा. उंबऱ्यावर बसलेली आजी सगळं बघत असते. आपल्या नातवाला गावातली एक शिकलेली बाई हात लावते, न्हाऊ घालते, हे तिच्याही डोळ्यांदेखत घडतं. धडा मुलांसाठी होता खरा, पण तो वस्तीभर पोचत होता आणि गावालाही दिसत होता.

त्याच वर्षी, त्याच परिसरात मोठ्यांचाही एक पाठ चालू होता. 1945च्या मे महिन्यात झरी गावी वारली आदिवासींची सभा भरली, किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगार नाकारण्याचा निर्धार झाला. या दोन कामांचे रस्ते अगदी वेगळे, एक लाल बावट्याचा, दुसरा गांधींच्या वळणाचा. दोन्हींकडे प्रश्न मात्र माणूस म्हणून मोजलं जाण्याचाच होता.

1956-57च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेलं आणि गाठ थेट वारली पाड्यांशी पडली. इथे मुलगा गुरांमागे रानात, मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरात. शाळेची घंटा कितीही बडवली तरी दोघं येणार नव्हते. गुरं राखणाऱ्यांसाठी निघाली कुरणशाळा: गुरं चरतात तिथेच शिक्षकाने जायचं. मुलींसाठी विकासवाडी, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, ताई वर्गात. बहिणीने भावंड सांभाळू नये, असं कोणी सांगितलं नाही. ते ओझं तिच्या एकटीच्या कडेवरून उतरवून सगळ्या शाळेने वाटून घेतलं. आख्ख्या प्रयोगातली सर्वांत सुंदर युक्ती कोणती, असं विचारलं तर बोट इथेच ठेवावं लागेल.

ताराबाई 1973 साली गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण हे सगळं ज्या केंद्रातून मिळायचं, त्याला नाव मिळालं अंगणवाडी. अनुताई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. 1992 साली त्यांचं निधन झालं, तोवर त्यांचा पत्ता कोसबादच होता.