जुन्या गोव्यांतील एक कमान

जुन्या गोव्यास जाणारा प्रवासी झेवियरचें शव पाहतो आणि परत फिरतो. त्यानें तेथून पूर्वेच्या रस्त्यानें थोडें पायीं जावें. कडेला एक एकाकी कमान दिसेल. सेंट पॉल विद्यालयाची एवढीच काय ती खूण उरली आहे. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं याच विद्यालयांत सुरू झाला. यंत्र निघालें होतें हबसाणास. राहिलें मात्र गोव्यांत! तें चालविणारा बुस्तामांते स्पेनचा, आणि आरंभींच छापलीं गेलीं तीं विद्यार्थ्यांच्या वादसभेचीं प्रमेयें.

स्पेनांतील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत शिकलेला गार्सिया द ऑर्ता हा वैद्य याच नगरांत राहत असे. आम्हां मानकोलीकरांच्या शेजारचें मुंबई बेट कांहीं काळ त्याच्याकडे पट्ट्यानें होतें. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचें औषध घेई. येथील वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला.

आतां मागें वळून मोठ्या कॅथेड्रलजवळच्या पटांगणांत यावें. इन्क्विझिशनचा वाडा येथेंच होता. ऑर्ता १५६८ सालीं वारला. तो गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत असे, असें ठरवून १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. मेलेल्यांसही शिक्षा देणें हा त्या न्यायसभेचा रिवाजच होता.

त्याच्या आदल्याच वर्षीं फादर स्टीफन्स गोव्यास उतरला होता. त्याचें मराठी क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूरला रोमन लिपींत छापलें गेलें. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं.