दुबराजच्या सुवासाची कुळकथा

रायपूरच्या गोल बाजारात दुबराज हा सुगंधी तांदूळ घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक दाणे तळहातावर चोळून हुंगतं, मगच भाव विचारतं. भाताचे पैदासकारही नाकावरच विसंबतात. पानाचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात घालून बशी झाकायची, दहा मिनिटांनी झाकण उचलून वास घ्यायचा. ही रीत सूद आणि सिद्दिक यांनी १९७८ साली मांडली.

सुगंधी भाताचा मुख्य वास २-असेटिल-१-पायरोलिन या द्रव्याचा, हे बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं. ते का तयार होतं, याचा उलगडा २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी केला. साध्या भातात ‘बीएडीएच२’ या जनुकाचं विकर एका कच्च्या मालाचा निकाल लावतं. बासमतीसारख्या जातींत या जनुकातली आठ अक्षरं गळाली आहेत. विकर बनतच नाही, माल साचतो आणि त्याचा सुगंध होतो.

ही आठ अक्षरांची गळती एकदाच, जॅपोनिका भाताच्या घराण्यात घडली आणि तिथून बासमतीत आली, असं २००९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. निसर्गाच्या लेखी ही मोडतोडच. ती टिकली ती माणसाला वास आवडला म्हणून.

पण हा गुण अप्रभावी आहे. आई-बाप दोघांकडूनही मोडकं जनुक आलं, तरच दाणा घमघमतो. म्हणून सुगंधी भाताचं बियाणं वेगळं राखावं लागतं. भातशास्त्रज्ञ डॉ. रा. ह. रिछारिया यांनी छत्तीसगडच्या गावोगावचे वाण रायपुरात जमवले. इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात आज २३ हजारांहून अधिक नमुने आहेत. जुना दुबराज उंच वाढून लोळतो, उशिरा पिकतो. म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीने विद्यापीठाने त्याचा बुटका, लवकर येणारा वाण काढला. धमतरी जिल्ह्यातल्या नगरी दुबराजला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

भाताला सुवास देणारं द्रव्य उडून जाणारं आहे. जुना तांदूळ मोकळा शिजतो, पण वास नव्याचाच. तेव्हा दुबराज घ्या तो थोडा घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि लवकर संपवा.